वीस मुळाक्षरांची भाषा

मराठीच्या प्राध्यापकाला जगातले सगळे शब्द ठाऊक असतात, असा आमच्या तळेगावात एक समज आहे. तो कोणी पसरवला कोण जाणे! पण सकाळी स्टेशनवर पुण्याच्या लोकलची वाट पाहत उभे राहावे, तो कोणीतरी जवळ येऊन एखाद्या शब्दाचा अर्थ विचारतोच. पूर्वी हे शब्द सातबाऱ्यावरचे किंवा सरकारी पत्रातले असत. यंदा मात्र गावाने एकच शब्द धरला आहे, आणि तो मराठी नाही, संस्कृत नाही, फारसीही नाही. तो आहे 'पेप्टाइड'.

शेजारच्या काकूंनी मुलीने पाठवलेल्या चेहऱ्याच्या क्रीमचे खोके माझ्यापुढे धरले आणि विचारले, "यात पेप्टाइड आहे म्हणे. म्हणजे काय असतं हो?" बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वजन उतरावे म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा पोटाला सुई टोचून घेतात. "हेसुद्धा पेप्टाइडच बरं का, सर!" असे त्यांनी मला अशा थाटात सांगितले, की एखाद्या बड्या घराण्याशी सोयरीक जुळली असावी. एकाच शब्दात क्रीमही बसते आणि सुईही बसते, तेव्हा हे प्रकरण आहे तरी काय, ते पाहावे म्हणून मी आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना गाठले. त्यांनी फळ्यावर कार्बन-नायट्रोजनची एक साखळी काढून दाखवली. ती पाहून मी म्हणालो, "अहो, हा तर संधी झाला!" त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. मी थट्टा करीत नव्हतो.

सजीवांच्या शरीरात अमिनो आम्ले नावाचे लहान लहान रेणू असतात. प्रथिने घडतात ती मुख्यतः अशा वीस आम्लांची. ही वीस मुळाक्षरे समजा. प्रत्येक अक्षराला एक डोके आणि एक शेपूट. एकाचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला जोडले जाते, तेव्हा दोघांच्या अंगचे थोडे थोडे मिळून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोन अक्षरे एकजीव होतात. 'विद्या' आणि 'आलय' हे शेजारी आले की दोन 'आ'कारांचा एकच उरतो आणि 'विद्यालय' होते, तसेच हे. फरक इतकाच, की येथे गळते ते पाणी. अशा संधीने दोन अक्षरे जोडली, दहा जोडली, चाळीस जोडली, की त्या माळेला पेप्टाइड म्हणावयाचे. माळ पन्नासाच्या पलीकडे लांबली आणि तिची घडी पडून तिला ठरावीक आकार आला, की ती प्रथिन या नावाने ओळखली जाते. ही हद्द काही शेताच्या बांधासारखी पक्की नाही. शब्द आणि ग्रंथ यांत फरक आहे हे सर्वांना कळते; पण नेमका कितव्या पानावर ग्रंथ होतो, हे कोणी सांगावे?

संधी आला म्हणजे विग्रहही आला. गळलेले पाणी परत दिले की जोड सुटतो. आपण आमटी-भात खातो, तेव्हा जठरात आणि आतड्यात हाच उद्योग चालतो. तुरीच्या प्रथिनांचा विग्रह होऊन सुटी अक्षरे, फार तर दोन-तीन अक्षरांचे तुकडे, शोषले जातात आणि शरीर त्यांतून स्वतःच्या भाषेतले शब्द नव्याने जुळवते. 'पेप्टाइड' हे नाव एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली रूढ केले, तेही 'पचलेले' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. जठरातल्या 'पेप्सिन' या पाचकद्रव्याचे नाव त्याच धातूचे. पचनाचा हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

वीस अक्षरांत किती शब्द होतील? नऊ अक्षरांचेच शब्द घेतले तरी ते पाचशे बारा अब्ज होतात. आणि भाषेत असते तसेच येथेही, एका अक्षराने अर्थ फिरतो. 'दिन' आणि 'दीन' यांत केवढे अंतर! मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. तिच्यातून नऊ-नऊ अक्षरांची दोन पेप्टाइडे रक्तात सुटतात. त्यांची सात अक्षरे अगदी सारखी. तिसरे आणि आठवे तेवढे वेगळे. एकाचे नाव व्हॅसोप्रेसिन. ते मूत्रपिंडांना सांगते, 'पाणी राखून ठेवा.' दुसरे ऑक्सिटोसिन. बाळंतपणात कळा येतात त्या याच्यामुळे, आणि बाळ छातीला लुचू लागले की आईला पान्हा फुटतो तोही याच्यामुळेच. 'पान्हा' या शब्दाभोवती मराठी कवितेने केवढे वैभव उभे केले आहे! त्याच्या मुळाशी नऊ अक्षरांचा एक शब्द असावा, याने माझ्या मते त्या वैभवाला काही उणेपणा येत नाही.

व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत घडवले. पेप्टाइड संप्रेरक माणसाने स्वतः जुळवल्याचे ते पहिले उदाहरण. त्यासाठी त्यांना १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून बाळंतिणीला जे इंजेक्शन देतात, ते बहुधा याचेच असते. किती माउल्यांचे प्राण त्याने वाचवले असतील! आणि हेच इंजेक्शन काही गोठ्यांत, म्हैस पान्हा चोरते म्हणून, तिच्या मानेत टोचले जाते. ही चाल बेकायदा आहे, आणि मुक्या जनावराच्या दृष्टीने क्रूरही आहे. शब्द तोच, उच्चारणारा निराळा.

आता पिंपरीकडे वळतो. तळेगावहून लोकलने पुण्याला निघाले, की देहूरोड, आकुर्डी, चिंचवड अशी स्टेशने मागे टाकीत गाडी पिंपरीला येते. आज या पट्ट्यात मोटारींचे इतके कारखाने आहेत, की पिंपरीची पहिली ओळख मोटारीने नव्हे, बुरशीने करून दिली, हे तरुण पिढीला सांगावे लागते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी येथे १९५४ साली स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला होते. १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याआधी हे औषध परदेशांतून येई, आणि न्यूमोनिया झालेल्या पोराचे आयुष्य कधी कधी बोटीच्या वेळापत्रकावर अवलंबून असे. माझे एक मामा तेथील एच. ए. कॉलनीत राहत. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की ते सांगत, "येथे टाक्यांत बुरशी पोसतात, आणि ती बुरशी माणसं वाचवते." मला ती परीकथा वाटे.

त्या परीकथेच्या आत आणखी एक कथा आहे, ती मला या वर्षी कळली. पेनिसिलिन जन्माला येते ते तीन अक्षरांच्या पेप्टाइडातून. पेनिसिलियम जातीची बुरशी मक्याच्या भिजवणाचे पाणी, साखर वगैरे खाद्य खाऊन वाढते आणि आपल्या पेशींत तीन अमिनो आम्ले ओळीने जोडते. त्यांतले तिसरे अक्षर ती उलटे करून बसवते. आरशात पाहिलेला 'ग' जसा दिसेल तसे. आपले शरीर प्रथिने जुळवताना असे आरशातले अक्षर वापरीत नाही. मग एक विकर, म्हणजे पेशीतला कारागीर, या तीन अक्षरी माळेतले चार हायड्रोजन काढून घेतो आणि माळ स्वतःभोवतीच वळून तिची दोन वळी होतात. त्यांतले चार कोनांचे वळे फार ताणलेले असते, वाकवून धरलेल्या बांबूसारखे. पुढे बुरशी पहिले अक्षर काढून त्या जागी दुसराच तुकडा बसवते, आणि पेनिसिलिन तयार होते. म्हणजे जे अंगावर लेवून ते बाहेर पडते, त्यात मूळ पेप्टाइड ओळखू येत नाही. पण हाडे त्याचीच.

आणि ते जिवाणूला मारते कसे? येथे तर मला भाऊसाहेबांच्या तोतयाची आठवण झाली. पानिपतानंतर सदाशिवराव भाऊंचे रूप घेऊन एक तोतया निघाला आणि कित्येक शहाणीसुरती माणसे त्याला खरा समजून त्याच्यामागे गेली, हा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. जिवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते. साखरेच्या धाग्यांची ती जाळी. आणि धाग्याला धागा बांधलेला असतो तो पेप्टाइडच्या टाक्यांनी. टाका घालण्यापूर्वी त्या पेप्टाइडच्या शेवटी दोन अक्षरे एकसारखी असतात. दोन्ही अ‍ॅलानिन, दोन्ही आरशातली. जिवाणूचा शिंपी, म्हणजे टाके घालणारे विकर, शेवटचे अक्षर कापतो आणि उरलेल्याची गाठ शेजारच्या टाक्याला मारतो. पेनिसिलिनचा आकार नेमका या शेवटच्या दोन अक्षरांसारखा आहे. शिंपी त्याला खरे समजून हातात धरतो. ताणलेले वळे फटकन उघडते, आणि तोतया शिंप्याच्या हाताला कायमचा चिकटून बसतो. टाके पडेनासे होतात, भिंत विसविशीत होते आणि वाढणारा जिवाणू फुटून जातो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून हा खेळ आपल्या अंगावर येत नाही. काही जणांना पेनिसिलिन सोसत नाही ते निराळ्या कारणाने.

पेप्टाइडातून जन्मलेले, पेप्टाइडाचे सोंग घेणारे आणि पेप्टाइडाचीच वीण उसवणारे असे हे औषध आमच्या लोकलच्या वाटेवर तयार होत होते. मामांना हे ठाऊक होते की नाही, मला माहीत नाही.

आमच्या घरात मात्र पेप्टाइडाचा मुक्काम फ्रीजच्या दारात आहे. माझ्या आईला गेली अकरा वर्षे इन्शुलिन घ्यावे लागते. परवा सुई भरताना ती म्हणाली, "चंद्रावर यान उतरवलंत रे तुम्ही, मग याची साधी गोळी का होत नाही?" प्रश्न रास्त होता. इन्शुलिन हे एक्कावन्न अक्षरांचे, म्हणजे पेप्टाइड आणि प्रथिन यांच्या बांधावर उभे. एक ओळ एकवीस अक्षरांची, दुसरी तीस अक्षरांची, आणि दोन्ही गंधकाच्या टाक्यांनी जोडलेल्या. गिळले तर जठराला त्यात आणि तुरीच्या डाळीत काही भेद दिसत नाही. तो त्याचा विग्रह करून मोकळा होतो. शब्द फुटला की अर्थ गेला. म्हणून सुई. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे माझं पोट फार हुशार, म्हणून मला शिक्षा!"

हे एक्कावन्न अक्षरी लिखाण प्रथम वाचले ते केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी. साखळीचे लहान-मोठे तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्यातली अक्षरे ओळखावयाची, आणि एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी कोठे जुळतो ते पाहत मूळ ओळ उभी करावयाची, अशी ही तपश्चर्या १९५५ पर्यंत चालली. १९५८ चे नोबेल त्यांना मिळाले. मराठीच्या माणसाला या कामाची नवलाई वाटण्यापेक्षा ओळखच अधिक पटते. आमच्या गावापासून आळंदी काही लांब नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा शब्दाला शब्द लावून पाहण्याचे कष्ट त्यांनीही उपसलेच होते. पाठभेदही येथे आहेत. डुकराच्या इन्शुलिनात आणि माणसाच्या इन्शुलिनात एका अक्षराचा फरक, गाईच्यात तीन अक्षरांचा. टोरांटोमध्ये जानेवारी १९२२ त लेनर्ड थॉम्पसन या मुलाला पहिले इंजेक्शन मिळाले तेव्हापासून साठ वर्षे जगातले मधुमेही या पाठभेदांवरच जगले. किती सोवळ्या घरांतून ते इन्शुलिन गेले असेल, आणि कोणी चौकशी केली नसेल, तेच बरे झाले. १९८२ पासून जिवाणूंकडून लिहवून घेतलेले, मानवी पाठाचे इन्शुलिन बाजारात आले.

बँकेतल्या गृहस्थांची साप्ताहिक सुई याच कुळातली. आतड्यातून जेवणानंतर एक पेप्टाइड सुटते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्यास सांगते आणि मेंदूला 'आता पुरे' म्हणते. पण रक्तातले एक विकर त्याचे पहिले दोन अक्षरांचे टोक कापून टाकते आणि दोन-एक मिनिटांत त्याचा निम्मा भाग निकामी होतो. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे दुसरे अक्षर बदलले, म्हणजे कात्री लागेना. आणि त्याला चरबीचे एक शेपूट जोडले, म्हणजे रक्तातल्या एका मोठ्या प्रथिनाला धरून ते लोंबकळत राहील. दोन मिनिटांचा पाहुणा आठवडाभर राहू लागला! सेमाग्लुटाइड हे त्याचे नाव. त्याची गोळीही निघाली आहे, पण तिच्यात शोषणाला मदत करणारे द्रव्य घालावे लागते, ती उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी लागते, आणि तरीही बहुतेक औषध पोटातच वाया जाते. आईला मी हे सांगितले नाही. ती लगेच इन्शुलिनच्या गोळीची मागणी नोंदवील.

काकूंच्या क्रीमविषयी थोडक्यात सांगतो. कातडी ही बाहेरचे बाहेर ठेवण्यासाठीच असते. लहान पेप्टाइडे थोडीफार आत उतरतात आणि काहींचा सुरकुत्यांवर किंचित उपयोग झाल्याचे प्रयोग आहेत. पण डबीवरच्या छायाचित्रातल्या बाईंसारखे कोणी होत नाही. परवडत असेल तर लावावे. गोरे करण्याच्या नावाखाली ग्लुटाथायोन या तीन अक्षरी पेप्टाइडाची शिरेतून इंजेक्शने देणारी दुकाने मात्र शहरांतून निघाली आहेत. त्यांच्या दाव्याला पुरेसा आधार नाही आणि शिरेत जाणारी गोष्ट क्रीमइतकी निरुपद्रवी नसते, एवढे काकूंच्या मुलीला कळवावे असे मी सुचवले.

पेप्टाइड हवे तेवढे, हवे तसे जुळवता कसे येते? पूर्वी एकेक अक्षर जोडून, दर खेपेला गाळून, धुऊन, शुद्ध करून घ्यावे लागे; त्यात वर्षे जात. रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये एक सोपी युक्ती छापून प्रसिद्ध केली. पहिले अक्षर प्लॅस्टिकच्या बारीक मण्याला बांधून टाकावयाचे. मग त्यावर दुसरे, तिसरे चढवीत जावयाचे. दर वेळी नको ते धुऊन टाकले तरी माळ मण्याला धरून राहते. शेवटी मणी सोडवला की काम झाले. १९८४ चे नोबेल या मण्याला मिळाले म्हणा ना! छापखान्यातला जुळारी खिळे लावतो तसे आता यंत्र अक्षरे लावते. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. कृष्णराजनगर गणेश यांनी पेप्टाइडासारख्या कण्यावर डी.एन.ए.ची अक्षरे बसवलेल्या संकर रेणूंवर वर्षानुवर्षे काम केले; ते पुढे पुण्याच्या आयसर संस्थेचे पहिले संचालक झाले.

जुळारी आला म्हणजे मुद्राराक्षसही आला. शंभरांपैकी नव्व्याण्णव जोड बिनचूक बसले, तर यंत्राची पाठ थोपटावी असे आपल्याला वाटेल. पण पंधरा अक्षरांच्या शब्दाला चौदा जोड लागतात, आणि दर जोडाला एक टक्का चुकत गेला तर शेवटी पूर्ण शब्द शंभरांत सत्त्याऐंशीच निघतात. उरलेल्या तेरांत कोठे ना कोठे अक्षर गळलेले असते. हे तेरा निवडून बाहेर काढणे, हेच पेप्टाइडच्या कारखान्यातले खरे खर्चाचे काम. ते केले की नाही, हे पांढऱ्या पुडीकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही.

हे सर्व मला उपयोगी पडले ते वैशाखात. माझा एक जुना विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळतो. चढाई करताना त्याचा उजवा खांदा दुखावला होता. एका संध्याकाळी तो घरी आला आणि खिशातून अंगठ्याएवढी एक बाटली काढून त्याने टेबलावर ठेवली. रबरी बूच, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. बाटली मोठी सुबक होती. ज्या गावात १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना निघाला, तेथल्या माणसाचे लक्ष आधी काचेकडे जाणारच.

"सर, तुम्ही पेप्टाइडवर वाचताय असं कळलं. हे घेऊ का, सांगा. जिममधली तिघं घेतायत."

बाटलीवर 'बीपीसी-१५७' असे नाव होते आणि खाली बारीक इंग्रजीत छापले होते : केवळ संशोधनासाठी, माणसांवर वापरण्यासाठी नाही.

"हे वाचलंस का?"

"ते कायद्यासाठी लिहितात, सर. सगळ्यांवर असतं."

हे पेप्टाइड पंधरा अक्षरांचे. त्यावरचे बहुतेक प्रयोग उंदरांवर झाले आहेत. उंदरांचे स्नायुबंध त्याने लवकर सांधले, असे त्या प्रयोगांत दिसते. माणसांवर मोठ्या, काटेकोर चाचण्या मात्र झालेल्या नाहीत. नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास ते मदत करते असेही उंदरांत आढळले. जखमेला ही गोष्ट उपकारक. पण शरीरात कोठे एखादी गाठ दबा धरून असेल तर तिला काय, हे पाहिल्याशिवाय कोणी छातीठोक बोलू नये. शिवाय २०२२ पासून हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत आहे, म्हणजे कबड्डीपटूची लघवी तपासली गेली तर खांद्याबरोबर खेळही जायचा. यांतले शेवटचेच वाक्य त्याने जरा गंभीरपणे घेतले. मग म्हणाला, "पण सर, विकणारा म्हणतो, हे शरीरातच असतं. नैसर्गिक आहे. मग अपाय कसा करील?"

या एका वाक्यावर किती बाटल्या खपत असतील! मी त्याला म्हणालो, "आजीच्या फ्रीजमधलं इन्शुलिनही शरीरातलंच. दुप्पट टोचलं तर काय होईल?" आणि मग मी त्याला तांबड्या विंचवाची गोष्ट सांगितली.

कोकणातला हा लहानसा लाल विंचू. त्याच्या विषात अनेक पेप्टाइडे असतात, सगळी नैसर्गिक. त्यांतली काही मज्जातंतूंची दारे उघडी धरून ठेवतात. अंगात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. पूर्वी महाडच्या बाजूला विंचू लागला की शेतकऱ्याचे पोर घाम येऊन, थंड पडून, फेसाळ खोकत डोळ्यांदेखत जाई. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपले आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची गोळी, जी रक्तदाबासाठी दुकानात मिळत होती, ती त्यांनी या रुग्णांना दिली. गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी पोटातून देता येते, कारण ती पेप्टाइड नाही; जठराला तिच्यात फोडण्याजोगा संधीच सापडत नाही.

त्याच विषातून १९९० साली सदतीस अक्षरांचे एक पेप्टाइड वेगळे काढण्यात आले. आयबेरियोटॉक्सिन त्याचे नाव. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत पोटॅशियमची अनेक प्रकारची दारे असतात. त्यांतल्या एकाच प्रकारच्या दाराला ते नेमके कुलूप घालते. कोणते दार काय काम करते हे शोधणाऱ्याला असे कुलूप म्हणजे सोन्यासारखे. कुलूप घालावे आणि काय थांबते ते पाहावे. विंचू पकडण्याचीही आता गरज नाही, ते जुळवून तयार करतात. जगभरच्या प्रयोगशाळांत ते लहान बाटल्यांतून जाते, आणि त्या बाटल्यांवरही हेच लिहिलेले असते : केवळ संशोधनासाठी.

"तेही कायद्यासाठी लिहितात का रे?" मी विचारले.

तो बराच वेळ बाटली बोटांत फिरवीत बसला. आईने त्याला चहा दिला, लाडू दिला. मग त्याने विचारले, "सर, त्या विंचवाच्या पेप्टाइडचं औषध झालं का पुढे?"

"नाही. पस्तीस वर्षं होऊन गेली. अजून प्रयोगशाळेतच आहे."

तळेगावातच एका अस्थितज्ज्ञांना त्याने खांदा दाखवला. त्यांनी रबरी पट्ट्यांचे व्यायाम दिले, आणि ते कंटाळवाणे आहेत अशी त्याची तक्रार आहे. नवरात्रात तो भेटला तेव्हा हात डोक्याच्या वर जात होता. चढाईला मात्र अजून परवानगी नाही. जिममधल्या तिघांपैकी एकाच्या दंडावर सुई टोचल्या जागी गळू झाले होते, ते कापावे लागले. उरलेले दोघे अजून टोचतच आहेत. बाटली सध्या आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांच्या कपाटात आहे. त्यांनी ती भिंगाखाली धरून उलटसुलट वाचली. तिच्यावर कारखान्याचे नाव नाही, पत्ता नाही, परवान्याचा क्रमांकही नाही.